मापाची विळी

आज मी विळीबद्दल बोलणार आहे. स्वयंपाकघरातली, भाजी चिरायची आणि नारळ खवायची विळी. विषय ऐकून काही जणांना वाटेल, यात बोलण्यासारखं काय आहे? हरवली असेल तर दुसरी आणावी. २०२२ साली आमच्या घरातही सगळे हेच म्हणाले होते. ती दुसरी मिळायला आठ महिने लागले.

विळी म्हणजे विळ्याची धाकटी बहीण. कोकणात तिला कुठे मोरळी म्हणतात, मालवणीत आडाळो आणि गोव्यात आदोळी. कर्नाटकात ती ईळिगे मणे होते, तेलुगू घरांत कत्तिपीट, तमिळमध्ये अरिवाळमणै आणि बंगालात बोटी. बंगाली बाई तर अख्खा मासा तिच्यावर कापते. एवढ्या मोठ्या मुलखात नावं बदलली, पण मांडणी एकच राहिली. खाली लाकडी पाट, त्यात रोवलेलं उभं पातं. पाट पायाखाली दाबायचा आणि भाजी दोन्ही हातांनी धरून पात्यावर न्यायची.

सुरीत आणि विळीत जो फरक आहे तो इथेच आहे. सुरी चालते आणि भाजी थांबते. विळी थांबते आणि भाजी चालते. मला हे कळून फार दिवस झालेले नाहीत. मी स्वतः ओट्याशी उभी राहून सुरीने चिरणारी आहे. गुडघ्यांमुळे गेली कित्येक वर्षं मी विळीवर बसलेली नाही, त्यामुळे मला विळीचं प्रेम वगैरे नव्हतं हे आधीच सांगते.

प्रेम होतं ते सासूबाईंना. त्यांना मी आईच म्हणते. १९५८ साली लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा विळी होतीच. त्यांच्या सासूबाईंनी ती राजापूरकडून आणलेली. कोरीवकाम नाही, पितळेचं काही नाही. काळं पोलादी पातं, त्याच्या टोकाला तिथूनच ठोकून पसरवलेली दातेरी खवणी आणि फणसाच्या लाकडाचा पाट. पातं पूर्वी रुंद असावं. निसण्यावर घासून घासून ते मधोमध आत गेलं होतं, चंद्रकोरीसारखं. खंडेनवमीला घरातली कात्री, अडकित्ता, हातोडी आणि ती विळी अशी पूजा मांडली जायची. काम झालं की ती आडवी करून ठेवायची, उभी ठेवायची नाही, हा नियम आमच्या मुलांनीही पाळला. बाकी कुठला नियम पाळला ते सोडा.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याच्या घरात आलो. सामान हलवणाऱ्यांच्या टेम्पोतून एक पोतं आलंच नाही. त्यात खलबत्ता होता, दोन पितळी डबे होते आणि विळी होती. चौकशा झाल्या, फोन झाले, जुन्या जागेवर जाऊन आलो. पोतं मिळालं नाही.

डब्यांचं कुणाला काही वाटलं नाही. पण आईंचं काय झालं ते सांगायला हवं. त्यांना काचबिंदू आहे. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याने नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसतं. वय चौऱ्याऐंशी. गॅसजवळ जायचं आम्ही कधीच बंद केलं होतं. पण भाजी त्या चिरायच्या. रोज सकाळी नऊ वाजता वर्तमानपत्र पसरून, एक गुडघा उभा आणि एका पायाने पाट दाबलेला, अशा बसायच्या. गवार मोडणं, पडवळाच्या चकत्या, कोबी तर इतका बारीक की माझ्या सुरीला लाज वाटावी. डोळ्यांनी नव्हेच, सगळं बोटांनी. पातं जागचं हलत नाही, म्हणून ते कुठे आहे हे त्यांच्या हातांना पक्कं ठाऊक होतं. पासष्ट वर्षांत त्यांनी बोट कापून घेतलेलं घरात कुणाला आठवत नाही.

सुरी हातात दिली तर त्यांना जमेना. डाव्या हाताने भाजी धरायची आणि उजव्या हाताने चालतं पातं आणायचं, हे न बघता करायचं तरी कसं? दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "राहू दे, तू लवकर करतेस." त्यानंतर नऊ वाजता त्या नुसत्या बसू लागल्या. तक्रार नाही. पण घरातलं आपलं शेवटचं काम गेलं, हे त्यांना कळलेलं होतं आणि आम्हालाही.

म्हणून शोध सुरू झाला. पहिली विळी तुळशीबागेतून आणली. घडीची, स्टेनलेस स्टीलची, पाटही धातूचा. दिसायला छान. आईंनी तिच्यावर एक दुधी चिरला आणि म्हणाल्या, "ही कापत नाही, फाडते." मी हात लावून पाहिला. पातं पत्र्यातून कापून काढलेलं, एकाच बाजूने यंत्रावर घासलेलं, आणि बिजागरीत किंचित डुगडुगत होतं. डोळे असणाऱ्याला तेवढं हलणं चालून जातं, आईंना चालणार नव्हतं. शिवाय पाट हलका, फरशीवर सरकायचा. दुसरी बोहरी आळीतून आणली, जरा जड. तिचं पातं सरळसोट. कोबी धरायला वळण नको का? दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "आमच्याकडे खोकी येतात ताई, घडवतं कोण ते आम्हाला माहीत नाही."

मग जुन्या बाजारात गेले. जुन्या विळ्या तिथे मिळाल्या, नाही असं नाही. पण त्या आता दिवाणखान्यात मांडायच्या वस्तू झाल्या आहेत. पितळी मोर, पितळी घोडा आणि त्याच्या पाठीतून निघालेलं पातं. किंमत ऐकून मी खाली ठेवली. असे नमुने पाहायचेच असतील तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. दि. गं. केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं हे संग्रहालय. तिथे घरगुती वापराच्या वस्तू ज्या मायेने जमवल्या आहेत ती बघण्यासारखी आहे. पण मला बघायची नव्हती, वापरायची होती.

तेव्हा ठरवलं, घडवून घ्यायची. आता लोहाराला सांगायचं काय? "आमच्या विळीसारखी" म्हणून भागत नाही. घरात जुने फोटो धुंडाळले. मुलीच्या बारशाच्या एका फोटोत, एका कोपऱ्यात विळी दिसली, अर्धी. तिच्या शेजारी जे पातेलं आहे ते अजून आमच्याकडे आहे. पातेल्याची उंची मोजली आणि त्यावरून पात्याची उंची काढली. मी शाळेत गणित शिकवत होते, त्याचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. आईंना विचारलं तर त्यांनी वीत टेकवून सांगितलं, "पाटापासून टोकापर्यंत एक वीत आणि चार बोटं." माझं गणित आणि त्यांची वीत यांत अर्ध्या बोटाचा फरक निघाला. वीत खरी धरली.

वळणाचं मात्र फोटोत कळेना. मग मी जाड पुठ्ठ्याचं पातं कापलं, जुन्या पाटाच्या फटीत उभं केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. आई जमिनीवर बसल्या, पाट दाबला, आणि दोन्ही अंगठे त्या पुठ्ठ्यावरून वरून खाली फिरवले. "इथे पोट कमी." मी कापलं. पुन्हा फिरवले. "मान जरा माझ्याकडे झुकव." मी नवा पुठ्ठा घेतला. असे सहा पुठ्ठे झाले. सातव्यावर त्यांनी अंगठे थांबवले, जवळ पडलेली काकडी उचलली आणि पुठ्ठ्यावरून नेली, चिरल्यासारखी. काही बोलल्या नाहीत. नुसती मान हलवली.

लोहार मिळणं सोपं नव्हतं. बारा बलुतेदारांतला हा माणूस एके काळी गावोगाव होता. फाळ शेवटून द्यायचा, विळे-कोयते घडवायचा, सुगीला धान्य न्यायचा. ट्रॅक्टर आले, तयार अवजारं आली आणि भाते थंड पडले. ओळखीच्या दोन गावांत चौकशी केली. एकाने भट्टी मोडून वेल्डिंगचं दुकान टाकलेलं, दुसऱ्याकडे भट्टी होती पण "एका विळीसाठी पेटवणार नाही" म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, कोळसा फुकट येत नाही. शेवटी सासवड रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं दिसली. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालत होती. घिसाड्यांत हे नेहमीचं दृश्य आहे. ऐरणीवरच्या लहान हातोडीने नवरा जागा दाखवतो, आणि घण बरोबर तिथेच पडतो. दोघं मध्ये एक शब्द बोलत नाहीत.

मी सातवा पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. नवऱ्याने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "ताई, एवढं बारीक पातं नवं कशाला घडवता? हे झिजलेलं माप आहे. चार वर्षं घासलं की संपलं. लोखंड ठेवा जरा." आम्ही कुणी हा विचारच केला नव्हता. आईंच्या बोटांत जे वळण होतं, ते कुठल्या लोहाराने दिलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः साठ-पासष्ट वर्षांत झिजवून केलेलं होतं. त्याचं म्हणणं, नवी वस्तू नव्या मापाची हवी. आईंना घरी येऊन विचारलं. त्या हट्टाने म्हणाल्या, वळण तेच हवं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्यांनाच घेऊन गेले. घिसाड्याच्या बायकोने पोतं अंथरून त्यांना बसवलं. बराच वेळ खल झाला. शेवटी ठरलं ते असं, की धारेचं वळण पुठ्ठ्याप्रमाणे ठेवायचं आणि जादा लोखंड पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला ठेवायचं.

पोलाद त्याने टेम्पोच्या जुन्या कमानपाट्याचं घेतलं. खड्ड्यांत इतकी वर्षं दबून पुन्हा उसळायचं म्हणजे ते पोलाद तसंच चिवट लागतं, आणि त्याला धारही चांगली धरते. पातं घडवून झाल्यावर त्याला पाणी देणं असतं. खरी कारागिरी तिथे आहे. पातं लाल झाल्यावर त्याने धारेची बाजू तेवढी पाण्यात धरली, पाठ बाहेर लालच. मग बाहेर काढून धारेजवळ विटेच्या तुकड्याने घासून लख्ख केलं आणि बघत बसला. पाठीतली उष्णता धारेकडे यायला लागते आणि त्या लख्ख पट्टीवर रंग चढत जातात. आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, मग तांबूस, पुढे जांभळा आणि निळा. गव्हाळ रंग धारेला टेकला आणि त्याने सगळं पातं पाण्यात बुडवलं. निळ्यापर्यंत थांबलं तर धार मऊ पडून वळते. अजिबात न थांबता सगळंच पातं पहिल्यांदाच गार केलं तर ते काचेसारखं होतं आणि नारळाच्या जोराने मानेत तुटतं. हे तो मला सांगत होता, तेवढ्यात आईंनी मागून विचारलं, "गव्हाळ झालं का?" त्यांना ते राजापुरातून ठाऊक होतं की कुठून, मी विचारलं नाही.

खवणीचे दाते कानशीने पाडायला अर्धा दिवस गेला. सगळ्याचे त्याने सहाशे रुपये मागितले. मी आठशे दिले, तेही कमीच होते. पाटासाठी आईंनी पंगतीच्या चार शिसवी पाटांपैकी एक काढून दिला. पंगती आता कुठे उठतात? सुताराने त्याला खाच पाडली आणि पात्याची शेपटी पाचर मारून घट्ट बसवली. जरासुद्धा हलत नाही.

आता थोडं व्यवहाराचं, कारण अशी विळी कुणी करून घेतली तर उपयोगी पडेल. हे पोलाद गंजतं. चिंच, कैरी, लिंबू लागलं की काळं पडतं. त्याला इलाज एकच, काम झालं की लगेच पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. फणस किंवा केळफूल चिरण्याआधी तर तेल हवंच, नाहीतर चीक सोडत नाही. पहिले काही दिवस भाजीला किंचित लोखंडाचा वास येतो, तो जातो. फिरत्या चाकावर धार लावून घेऊ नये. ठिणग्या उडतात तितकी उष्णता धारेत शिरते आणि घिसाड्याने दिलेलं पाणी उतरतं. निसणा बरा.

पहिल्या दिवशी आईंनी अंगठे पाठीवरून फिरवले. रुंद, जड पाठ. जरा वेळाने म्हणाल्या, "मी आले तेव्हा ती अशीच होती असेल." आणि गवारीची जुडी पुढे ओढली. त्या दिवशी भाजी व्हायला साडेअकरा वाजले. घाई कुणालाच नव्हती.

सातवा पुठ्ठा मी जपून ठेवला आहे. परवा नाशिकहून माझ्या नणंदेचा फोन आला. तिलाही तशीच विळी करून हवी आहे, तर पुठ्ठा पाठव म्हणाली. मी पाकीट शोधत होते, तर आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाल्या, "पुठ्ठा मागवू नकोस. तुझे हात तुझ्या वडिलांसारखे मोठे आहेत. तुझं माप वेगळं. दिवाळीला येशील तेव्हा बस माझ्यापुढे, आणि कात्री घेऊन ये."