गावाचे पुस्तक जिल्ह्याचे व्हावे



अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या शतकातला हा कापडावर लिहिलेला ग्रंथ. लांबी सुमारे 40 फूट, रुंदी 4 फूट. अशी वस्तू जगात एकच. ती पाहायची तर आपणच अंबाजोगाईला गेले पाहिजे. छापील पुस्तकाचे मात्र तसे नाही. ते वाचकाकडे जाऊ शकते. पण आपण त्याला जाऊ देतो का?

समजा, आष्टी तालुक्यातल्या एका गुरुजींना विहिरी आणि भूजल यांवर मुलांना समजेल असे पुस्तक हवे आहे. गावच्या वाचनालयात ते नाही. धारूरच्या एका कपाटात आहे, आणि तिथे वर्षानुवर्षे त्याला कुणी हात लावलेला नाही. गुरुजींना त्याचा पत्ता नाही. तिथल्या ग्रंथपालाला गुरुजींची गरज ठाऊक नाही. पुस्तकही आहे, वाचकही आहे. उणीव आहे ती नुसत्या निरोपाची.

वाचकाला पुस्तक मिळावे तसा पुस्तकालाही वाचक मिळावा, हे डॉ. रंगनाथन यांनी 1931 सालीच सांगून ठेवले. त्याआधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुढे 1988 मध्ये दिल्लीत ‘डेलनेट’ निघाले. अनेक ग्रंथालयांच्या याद्या संगणकावर एकत्र झाल्या, आणि एकाचे पुस्तक दुसऱ्याला मिळू लागले. विद्यापीठांसाठी 1991 मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ आले. म्हणजे मोठ्यांची सोय झाली. गावच्या वाचनालयाचे काय?

महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळते, ही मोठीच गोष्ट. पण प्रत्येकाचे अनुदान वेगळे, हिशेब वेगळा आणि कुलूपही वेगळे! तीच दहा पुस्तके दहा गावांत घेतली जातात आणि अकरावे कुठेच नसते.

आता आपल्या जिल्ह्याचे खरे दुखणे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात. बरीचशी आईबापांच्या कोयत्यामागे जातात. जाताना वाचनालयाचे पुस्तक परत करावे लागते. गोष्ट अर्धी राहते, ती पाडव्यापर्यंत. पुष्कळांची ती पुढे कधीच पुरी होत नाही. ज्या वाचकाला आपल्या सहकार्याची सर्वांत जास्त गरज, तोच नेमका आपल्या हाताबाहेर जातो.

तुम्ही म्हणाल, यासाठी पैसा कुठून आणायचा? बरे का मंडळी, सुरुवातीला पैसा लागतच नाही. पहिले काम, यादी. पाच शेजारच्या वाचनालयांनी आणि शाळांनी आपल्या पुस्तकांची यादी एका वहीत लिहावी, तिची प्रत प्रत्येकाकडे ठेवावी. मोबाइलवर फोटो पाठवला तरी चालेल. दुसरे, वाहतूक. केंद्राच्या शिक्षण परिषदेला गुरुजी-बाई एकत्र जमतातच. जाताना पिशवीत चार पुस्तके न्यावीत, चार आणावीत. तिसरे, मुदत. कुणी नेले, कधी परत येणार, हे दोन्हीकडे लिहून ठेवावे. आणि टोळी निघताना मुकादमाजवळ वीस-पंचवीस पुस्तकांची एक पेटी द्यावी. पोरे ती कोपीवर वाचतील.

पुस्तके हरवतील, ही ग्रंथपालांची भीती खोटी नाही. मोजणीच्या वेळी जबाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून हरवलेल्या चार पुस्तकांचा भार पाचही संस्थांनी मिळून उचलावा, हे आधीच ठरवून घ्यावे. पण वाळवीने खाल्लेले पुस्तकही हरवलेलेच असते, आणि ते तर कुणी वाचलेलेही नसते.

विहिरीचे पाणी उपसले तरच झरे मोकळे राहतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कपाटाचेही तसेच आहे. येत्या हंगामाआधी निदान एका केंद्रात ही वही सुरू व्हावी, एवढीच विनंती.