उपनगरांतील वीज, पाणी व गाड्या यांची खतावणी



दुष्काळाचे काम करणारांस एक गोष्ट ठाऊक असते. उपासमार डोळ्यांस दिसण्यापूर्वी बाजारभाव बोलू लागतो. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले, त्यांतही धान्याचे चढते भाव व लोकांचे गाव सोडून जाणे या लक्षणांवर नजर ठेवण्यास सांगितले होते. हीच नजर आपण अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या आपल्या वस्त्यांकडे वळवावी, अशी आमची विनंती आहे. येथे पीक बुडाल्याने टंचाई पडत नाही. एक सोय बंद पडून ती दुसरीस खाली ओढते, तेव्हा पडते.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दूरच्या वाहिन्या बंद पडल्या. मुलुंडास वीज देणारी कंपनी निराळी, अंधेरी-बोरिवलीस देणारी निराळी. तरी अंधार दोहोंकडे झाला व लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. 18 जुलै 2021 रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरले, विजेची यंत्रे बंद पडली आणि शहराच्या बहुतेक भागांचे नळ कोरडे पडले. पावसाने विजेस गाठले व विजेने पाण्यास. भर पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ!

ही साखळी आधी कशी ओळखावी? उपाय आपल्याच पेढीवर आहे. कोणता धंदा कोणाकडून किती माल घेतो, याचे सर्व देशाचे कोष्टक वासिली लिओंटिफ या अर्थशास्त्रज्ञाने 1936 साली प्रसिद्ध केले. त्या पद्धतीबद्दल 1973 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हे कोष्टक म्हणजे एक मोठी खतावणीच होय. एका खात्यातील तूट कोणकोणत्या खात्यांत उतरेल, हे तीवरून काढता येते. पुढील विद्वानांनी हीच रीत वीज, पाणी व दळणवळण यांच्या धोक्यांस लावली आहे.

परंतु नुसत्या रुपयांवर विसंबू नये. रुग्णालयाच्या खर्चात पाण्याची रक्कम अल्प असते. म्हणून पाण्यावाचून ते अधिक काळ चालते, असे नाही. यास्तव खतावणीत रकमेशेजारी दुसरा रकाना हवा : ही सोय तुटल्यास किती तास निभाव लागेल?

व्यापारी, जमीनदार व दातृवर्ग यांस आमचे दोन गोष्टींचे मागणे आहे. आपली दुकाने, कारखाने, चाळी व धर्मादाय दवाखाने यांचे हे दोन्ही रकाने भरून द्यावेत. आणि यथाशक्ती द्रव्य द्यावे. ज्या ठिकाणी तास सर्वांत थोडे, तेथे पाण्याची टाकी व विजेची पर्यायी सोय प्रथम व्हावी. संकट आल्यावर दिलेला रुपया पुण्याचा खरा. पण आधी योग्य जागी दिलेला रुपया अनेकांवरील संकटच टाळतो.