व्यायामशिक्षक आणि शाश्वत विकासाचे मोजमाप



गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी जातो तो पी.टी.च्या तासाचा, हे आपण सर्वांनी शाळेत अनुभवले आहे. तेव्हा शाश्वत विकासाशी व्यायामशिक्षकाचा संबंध काय, असे आपणांस वाटल्यास नवल नाही. परंतु संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली 17 उद्दिष्टांचा जो कार्यक्रम स्वीकारला, त्यात खेळाचा उल्लेख शाश्वत विकासाचे महत्त्वाचे साधन म्हणून केलेला आहे. आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, विषमता कमी करणे ही उद्दिष्टे मैदानावर रोजच कसोटीला लागतात.

मग शिक्षक हे काम करतात की नाही, हे मोजायचे कसे? स्पेनमधील संशोधकांनी भावी व्यायामशिक्षकांसाठी सामाजिक, पर्यावरणीय व आर्थिक अशा तीन अंगांची प्रश्नावली तयार केली आहे. विधान द्यायचे आणि किती सहमत आहात यावर खूण करायला सांगायचे, ही रीत रेन्सिस लायकर्ट यांची, 1932 सालची. उत्तरे एकमेकांशी कितपत जुळतात हे क्रॉनबाख यांच्या 1951 च्या अल्फा गुणांकावरून पाहतात.

बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांनी येथे सावध राहावे. गुणांक उंच आला म्हणजे शिक्षक खरे बोलले असे होत नाही. कोणी थोडे, कोणी फार, पण प्रत्येकाने सगळ्याच विधानांत स्वतःला सारखे चढवून सांगितले, तरी गुणांक उंचच येतो. विश्वसनीयता वेगळी आणि सप्रमाणता वेगळी.

'मी मुलामुलींना समान संधी देतो' यापुढे 'असहमत' अशी खूण करणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे! त्याच शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहा. मुले क्रिकेट खेळतात, मुली कडेला बसून दप्तरे सांभाळतात, आणि ज्याच्या पायात बूट नाहीत तो नेमका त्या दिवशी 'आजारी' असतो. हे खुणेने कळत नाही, घड्याळ लावून मोजावे लागते. अर्ध्या तासात किती मुलींच्या हाती चेंडू आला? बुटांपायी किती जण बाहेर बसले? खो-खोला दोन खांब पुरतात, कबड्डीला आखलेली जागा. मग खेळाची रक्कम कशावर गेली, हे हिशेबाच्या वहीत दिसते.

मात्र ज्या शिक्षकाला मैदानच नाही किंवा ज्याचे तास परीक्षेच्या कामाला जुंपले जातात, त्याचे गुण कमी आले तर तो दोष त्याचा नव्हे. म्हणून शाळेने दिलेली जागा व तास यांची नोंद शिक्षकाच्या गुणांपासून वेगळी ठेवावी.

आपल्यापैकी जे येत्या सत्रात सरावपाठासाठी शाळांत जातील, त्यांनी एक वही आणि घड्याळ बरोबर न्यावे. पहिली नोंद स्वतःच्याच तासाची करावी.