जाळीच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण?



हिंसा म्हटलं की आपल्याला दंगल आठवते, जळालेली दुकानं आठवतात. आज मी वेगळ्या हिंसेबद्दल बोलणार आहे. तिच्यात रक्त सांडत नाही, पोलीस येत नाहीत, आणि घरातली माणसंही तिला हिंसा म्हणत नाहीत. कुणाला तरी कायम दाराबाहेर ठेवणं, ही ती हिंसा.

अनिला कय्यूम आगा यांचा जन्म १९६५ सालचा, लाहोरचा. बादशाही मशीद, वजीर खान मशीद अशा देखण्या मशिदींचं हे शहर. पण मशीद पुरुषांची आणि बायकांची नमाज घरात, अशा वातावरणात त्या वाढल्या. लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये शिकल्या, पुढे अमेरिकेत गेल्या. स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा अलहम्ब्रा महाल पाहिला तेव्हा तिथल्या नक्षीने त्या भारावून गेल्या. आणि आपल्या गावातल्या अशाच सौंदर्यापासून आपल्याला दूर ठेवलं गेलं होतं, हेही त्यांना तिथेच जाणवलं.

यातून ‘इंटरसेक्शन्स’ हे मांडणशिल्प घडलं. लाकडाचा चौकोनी ठोकळा, प्रत्येक बाजू साडेसहा फुटांची, छताला टांगलेला. सर्व बाजूंना लेझरने कापलेली जाळी. आत फक्त एक दिवा. तो लागला की भिंती, छत, जमीन सगळीकडे नक्षीच्या सावल्या पसरतात. पाहायला आलेल्या माणसांच्या कपड्यांवर, चेहऱ्यांवरही पडतात.

२०१४ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या ‘आर्टप्राइझ’ स्पर्धेत या कामाला लोकांच्या मतांनी पहिलं बक्षीस मिळालं, आणि परीक्षकांचं सर्वोच्च बक्षीसही विभागून मिळालं. दोन्ही मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कलावंत.

आपल्याला जाळी नवी नाही. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. जाळीतून हवा येते, उजेड येतो. पण जनान्यातही जाळीच असायची. बाईने आतून बघायचं, तिला कुणी बघायचं नाही. म्हणजे एकच वस्तू सुंदरही आहे आणि अडवणारीही.

आगांनी जाळी फेकून दिली नाही. तो आपला वारसा आहे, तो का सोडायचा? त्यांनी फक्त दिव्याची जागा ठरवली. दिवा मधोमध, माणसं सभोवार. तिथे जाळीआड कुणीच बसत नाही. बाई, पुरुष, मुसलमान, बिगरमुसलमान, सगळ्यांवर तीच नक्षी पडते.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायका पूर्वी मजारीपर्यंत जात होत्या. २०११-१२ च्या सुमारास त्यांना अडवलं गेलं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमन कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरवली. पुढे पुण्याच्या एका दांपत्याने मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा २०२० साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच सांगितलं की, बाईला मशिदीत नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. पैगंबरसाहेबांच्या मशिदीत स्त्रिया नमाज पढत, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो.

मग अडतं कुठे? वजूच्या जागेवर, वेगळ्या दारावर, चटईच्या दोन रांगांवर. आणि “आपल्यात तशी पद्धत नाही” या वाक्यावर.

आपल्यावर बाहेरून अन्याय होतो तेव्हा आपण संविधानाचा आधार मागतो, आणि तो मागायलाच हवा. पण तोच हक्क बहिणीने आपल्याच दारात मागितला तर आपण गप्प का बसतो?

म्हणून एक छोटं काम सांगतो. येत्या जुम्म्याला आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीच्या विश्वस्तांना अदबीने विचारा: प्रवासात असलेली एखादी बाई मगरिबच्या वेळी इथे आली, तर ती नमाज कुठे पढेल? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.