पहिल्याच स्पर्धेतून बाहेर

मी तुमच्याच तालुक्यातली माहेरवाशीण. लग्न झाल्यावर मालकांच्या नोकरीमुळं अमेरिकेत गेले, त्याला आता २२ वर्षं झाली. टेक्सास नावाच्या राज्यात आम्ही राहतो. तिथल्या एका शाळेच्या भटारखान्यात मी काम करते. दिवाळीला माहेरी आले, तर रेडिओच्या ताईंनी गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरलात म्हणे, ते आमच्या बायकांना सांगा." मी म्हटलं, "अहो, त्या स्पर्धेतून मला मधेच बाहेर काढलं होतं." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा."

तर तेच सांगते.

आधी हा खेळ कसला, ते बघू. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत तुम्हाला माहीत असतील. २०१८च्या आशियाई खेळांत त्यांनी २५ मीटर पिस्तुलात सोन्याचं पदक मिळवलं. त्या खेळात एका जागी उभं राहून समोरच्या निशाणावर नेम धरायचा असतो. मी खेळले तो प्रकार वेगळा. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. यात खेळाडू पळतो, वळतो, लाकडी भिंतीच्या आडून वाकून नेम धरतो आणि वर घड्याळ चालू असतं. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. खेळाचं ब्रीद तीन शब्दांचं आहे : अचूकपणा, ताकद आणि वेग. तिन्ही सांभाळायचं, हीच त्यातली गोम.

आता मी यात कशी पडले? माझी शेजारीण ६६ वर्षांची, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली. तिच्या घरी पिस्तूल असतं हे कळल्यापासून मला तिच्याकडे चहाला जायचीही भीती वाटायची. एकदा तिला तसं बोलून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "भीती वाटते हे चांगलं आहे. पण नुसती भीती कामाची नाही, माहिती पण हवी." तिनं मला सुरक्षिततेच्या वर्गाला नेलं. पहिल्या दिवशी एकही गोळी उडवायला दिली नाही. चार नियम तेवढे पाठ करून घेतले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चालायचं. जिथं गोळी लागून चालणार नाही, तिकडं नळीचं तोंड कधीच न्यायचं नाही. नेम पक्का होईपर्यंत चापावर बोट ठेवायचं नाही. आणि निशाणाच्या मागं काय आहे ते आधी बघायचं.

घरी मात्र वादळ उठलं. माझी मुलगी तेव्हा १६ वर्षांची होती. तिकडच्या शाळांमधून गोळीबाराच्या घटना झाल्या आहेत, तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. त्यामुळं मुलांकडून सराव करून घेतात : दार लावायचं, दिवे घालवायचे, कोपऱ्यात गप्प बसायचं. ती मला म्हणाली, "आई, आम्ही शाळेत लपायचा सराव करतो, आणि तू गोळ्या मारायचा सराव करणार?" मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मला ही वस्तू समजून घ्यायची आहे." ती खोलीत निघून गेली.

सहा महिने मी शिकले. त्यातले बरेच दिवस रिकाम्या पिस्तुलावर, नुसता हात बसवण्यात गेले. मग शेजारीण म्हणाली, "आता स्पर्धेत उतर. शेवटची आलीस तरी चालेल."

शनिवारचा दिवस होता. सकाळी सातला आम्ही पोचलो. गावाबाहेरचं मोकळं रान, तीन बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेले. गोळी त्या मातीत जाऊन रुतते. पन्नासेक माणसं आली होती. बायका आम्ही धरून सहा. मला वाटलं होतं, सगळे मिशा पिळून, छाती काढून फिरत असतील. तर कुणी डब्यातून सँडविच खात होतं, कुणी खुर्च्या मांडत होतं. आपल्या गावच्या जत्रेत कुस्तीच्या फडाआधी असतं ना, तसंच वातावरण.

तिथला पहिला नियम असा की पिस्तूल रिकामं आणि कमरेच्या म्यानात. पंचानं सांगितल्याशिवाय त्याला हातही लावायचा नाही. साफ करायचं, काही बघायचं असेल तर त्यासाठी एक वेगळी जागा आखलेली असते, आणि त्या जागी गोळ्यांना हात लावायला बंदी. म्हणजे पिस्तूल आणि गोळी एकत्र येणार ती फक्त पंचाच्या डोळ्यांसमोर. मला हे फार आवडलं.

आमची दहा जणांची तुकडी केली. मी आधीच सांगून टाकलं, "मी नवी आहे, माझी पहिलीच वेळ." लाजत सांगितलं, पण त्याचा फार उपयोग झाला. पंचांनी मला मागच्या नंबरावर ठेवलं, म्हणजे आधीच्यांचं बघून घेता येईल. एका आजोबांनी कुठून कुठं जायचं ते माझ्याबरोबर चालून दाखवलं.

माझा नंबर आला. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारे मफ. पंच म्हणाले, "मेक रेडी." मी पिस्तूल भरून म्यानात ठेवलं. "आर यू रेडी?" घशाला कोरड पडली होती, नुसती मान हलवली. "स्टँड बाय." मग पंचांच्या हातातलं यंत्र किंचाळलं.

त्या आवाजानंतर पहिल्या दोन सेकंदांत मी सगळं विसरले. समोर आठ पुठ्ठे, प्रत्येकावर दोन गोळ्या मारायच्या, असा तो डाव. माझ्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या, म्हणजे मधे ते बदलणं आलंच. पहिला पुठ्ठा दिसला, मारलं. मग हळूहळू भान आलं.

गुण कसे मोजतात तेही सांगते, बचत गटाच्या बायकांना हिशेब आवडतो. पुठ्ठ्याच्या मधल्या भागात गोळी लागली की ५ गुण. त्याच्या बाहेर ३, अगदी कडेला १. चुकली तर १० वजा. पांढरे पुठ्ठेही असतात, ते म्हणजे निरपराध माणूस, त्याला लागली तरी १० वजा. आलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. माझ्या ११ गोळ्या मधे लागल्या, ४ बाहेरच्या भागात, १ वाया गेली. ५५ आणि १२ मिळून ६७, त्यातून १० गेले, राहिले ५७. वेळ लागला ३८ सेकंद. म्हणजे दीड. आमच्या तुकडीतल्या एका पोरानं साडेनऊ सेकंदांत ७६ गुण केले. त्याचे आले आठ! पण मला त्या दीडाचाही केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

प्रत्येकाचा डाव झाला की बाकीच्यांनी धावत जाऊन पुठ्ठ्यांवरची भोकं कागदी पट्टीनं बुजवायची, पुढच्यासाठी मैदान तयार करायचं. मालक-नोकर असं काही नाही. पहिला येणारा पण पट्टी चिकटवतो, शेवटचा पण चिकटवतो.

असे सहा डाव होते. दुसरा बरा गेला. तिसरा आणखी बरा. आणि तिथंच घात झाला. मला वाटायला लागलं, जमतंय की आपल्याला! चौथ्या डावात उजवीकडून डावीकडं पळायचं होतं. मी जोरात पळाले. पळता पळताच मॅगझिन बदलायला घेतलं. नजर हाताकडं गेली, अंग डावीकडं वळलं आणि अंगाबरोबर पिस्तुलाचं तोंडही वळलं.

या खेळात एक रेघ असते. ती जमिनीवर काढलेली नसते, मनात धरायची असते. खेळाडू जिथं असेल तिथून डाव्या-उजव्या हाताला सरळ आडवी. नळीचं तोंड कायम त्या रेघेच्या पुढं, मातीच्या बांधाकडं राहिलं पाहिजे. माझं ते रेघेच्या मागं आलं. किती? वीतभरही नसेल. किती वेळ? डोळ्याचं पातं लवावं तेवढा.

"स्टॉप!"

मी जागच्या जागी थिजले. पंचांनी शांतपणे पिस्तूल रिकामं करायला लावलं, स्वतः बघितलं, म्यानात ठेवायला लावलं. मग म्हणाले, "तुम्ही बाद झालात. फक्त या डावातून नाही, आजच्या सगळ्या स्पर्धेतून."

मैत्रिणींनो, मी ४६ वर्षांची बाई, दहा लोकांपुढं डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "पण गोळी तर सुटली नाही. कुणाला काही झालं नाही. माझी पहिलीच वेळ आहे." पंच म्हणाले, "काही झालं नाही म्हणूनच आपण इथं उभं राहून बोलतोय. नियम नव्या-जुन्याला एकच आहे. गेल्या वर्षी मीसुद्धा असाच बाद झालो होतो."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शेजारीण म्हणाली, "थांब. बाद झालेली माणसंही शेवटपर्यंत पट्ट्या चिकटवतात." मग मी थांबले. दोन डाव दुसऱ्यांच्या पुठ्ठ्यांना पट्ट्या चिकटवत होते. आणि त्या कामातच मला माझी मोठी काकू आठवली.

माझ्या लहानपणी आमच्या घरी कडबा कुट्टीचं यंत्र आलं. काकू चालू यंत्रात हातानं कडबा पुढं लोटायची. एकदा तिची बांगडी अडकली आणि निसटली. सगळे हसले. "थोडक्यात वाचलीस गं!" म्हणाले, आणि काम पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा पदर ओढला गेला, तोही सुटला. तेव्हाही तेच, "थोडक्यात वाचलीस." तिसऱ्या वेळेला दोन बोटं गेली. तेव्हा सगळे म्हणाले, अचानक झालं. अचानक कुठं? दोन वेळा यंत्रानं सांगितलं होतं. पण "थांब" म्हणणारं कुणी नव्हतं.

त्या रानात उभं राहून मला कळलं की इथले लोक थोडक्यात वाचण्यालाच अपघात मानतात. रक्त निघायची वाट बघत नाहीत. म्हणून माझा अपमान झाला असं जे वाटत होतं, ते हळूहळू विरलं.

दुपारी घरी आले. मुलगी ओट्याजवळ उभी होती. तिनं विचारलं, "कितवा नंबर?" म्हटलं, "बाद." काय झालं ते सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "कुणाला लागलं?" "नाही." "गोळी सुटली?" "नाही." "तरी बाहेर काढलं?" "तरी काढलं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळीकडंच असं असतं तर." आणि तिनं माझ्यासाठी चहा टाकला. तिचं मत काही बदललं नाही. पिस्तुलं नकोतच असं ती आजही म्हणते, आणि तिचं म्हणणं मी खोडून काढत नाही. पण आम्ही त्यावर बोलू लागलो, दार न आपटता.

पुढच्या महिन्यात मी परत गेले. या वेळी मॅगझिन बदलायचं असलं की पाय थांबवायचे आणि मगच बदलायचं, असं ठरवून गेले. सगळे सहा डाव पूर्ण केले. खालून तिसरी आले. घरी येताना मी गाडीत गाणं म्हणत होते.

आता शेवटचं. मी तुम्हाला पिस्तूल घ्या असं सांगायला आलेली नाही. आपल्याकडं त्याला परवाना लागतो आणि ते तसंच असावं. पण आपल्या घरात, रानात, धोक्याच्या वस्तू काय कमी आहेत? कुट्टीचं यंत्र आहे, मळणी यंत्र आहे, विहिरीवरची मोटार आहे, फवारणीचं औषध आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक प्रश्न विचारा : या महिन्यात कोण कोण थोडक्यात वाचलं? जिनं सांगितलं तिला हसू नका. त्या कामाला आपण मिळून "थांब" कसं म्हणायचं, ते ठरवा. यंत्र बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, पदर खोचल्याशिवाय जवळ जायचं नाही, असा एखादा नियम करा. तो सासूला, सुनेला, घरधन्याला सारखाच ठेवा.

आणि कधी तुम्हालाच कुणी "थांब" म्हटलं, तर राग आला तरी निघून जाऊ नका. तिथंच थांबा, दुसरीच्या कामाला हात लावा, आणि पुढच्या वेळी परत या.