कुलवृत्तांतातील रिकामा रकाना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात इंदिरा नगर, लखनौ येथे दिलेले भाषण)



कुलवृत्तांत हा आपल्याकडील जुना ग्रंथप्रकार. गोखले, आपटे, पेंडसे अशा अनेक घराण्यांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत. घरातील एखादा चिकाटीचा गृहस्थ भाऊबंदांना पत्रे धाडी, तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळी आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर ग्रंथ सिद्ध करी. आज त्यातील जुळवाजुळव संगणक करतो. ‘ग्रॅम्प्स’सारखी प्रणाली विनामूल्य मिळते. तीत प्रत्येक व्यक्तीची नोंद केली, की पिढीवार वृत्तांत आणि वंशवृक्ष तयार होतात. युनिकोडमुळे नोंदी देवनागरीत ठेवता येतात. १९८४ मध्ये आलेल्या ‘जेडकॉम’ पद्धतीमुळे दूरच्या नातलगांशी त्यांची देवाणघेवाणही करता येते.

गतवर्षी मी आमच्या घराण्याचा असा मसुदा छापून पाहिला. पाने सुबक होती. परंतु वाचताना मन खट्टू झाले. पणजोबांचे जन्मगाव, नोकरी, मृत्यूचे साल, सारे होते. पणजीच्या नावे मात्र केवळ सासरचे नाव. माहेरचा रकाना रिकामा! दोष प्रणालीचा नव्हता. एकाच व्यक्तीची जन्मनाव आणि विवाहोत्तर नाव अशी दोन्ही नावे नोंदविण्याची सोय तीत आहे. ती माहिती मीच कधी मिळविली नव्हती.

गावाकडे पंच्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई आहेत. त्यांना फोन केला. त्यांनी आपल्या आजीचे माहेरचे नाव, गाव, इतकेच नव्हे तर ती जात्यावर स्वतःच्या ओव्या रची, हेही सांगितले. शेवटी म्हणाल्या, “अरे, इतकी वर्षं मला कुणी विचारलंच नाही.” त्या वाक्याने मी खजील झालो.

मित्रहो, आपण घरापासून दूर राहतो. येथे वाढलेल्या आपल्या मुलांना आजोळची वाट दाखविणारे कोणी शेजारी नाही. म्हणून सुचवावेसे वाटते, की प्रथम वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख टिपावी आणि मगच छपाईचा विचार करावा. लेकींच्या शाखाही वृत्तांतात याव्यात. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा मात्र त्यांच्या संमतीवाचून छापू नयेत.

आमचा ग्रंथ अद्याप अपुरा आहे. पणजीचा रकाना तेवढा भरला आहे. येत्या दिवाळीपूर्वी आपणही आपापल्या घरी असा एक तरी रकाना भरावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.