घरातली पॉइंट टू-टू आणि नवा शस्त्रकायदा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही, पोलीस नाही. बी.कॉम. झालेला, बँकेत कारकुनी करणारा माणूस. परंतु शस्त्रपरवान्याचा विषय आमच्या घरात असा काही उभा राहिला, की मला कलमे वाचावी लागली. ते वाचन चार जणांच्या कामी यावे म्हणून अध्यक्षांनी मला उभे केले आहे.

आपली घराणी या जिल्ह्यात निजामाच्या काळापासूनची, काही त्याही आधीची. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. वाडा, जमीन, कुळाचार यांच्याबरोबर अनेक घरांत आजोबांची बंदूकही राहिली. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते, आपट्याचे पान वाहिले जाते आणि पुन्हा ती कपाटात जाते. वर्षातून एक दिवस आठवणारी ही वस्तू कायद्याच्या नजरेत मात्र वर्षाचे 365 दिवस असते.

आमच्या घरी वडिलांच्या परवान्यावर तीन हत्यारे होती. आजोबांची बारा बोअरची दुनळी, एक रिव्हॉल्व्हर, आणि तिसरी पॉइंट टू-टू रायफल. ही तिसरी दिसायला थेट सैन्यातली. लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत गेलेले, बोल्ट मागे ओढून एकेक काडतूस भरायचे. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना चटकन ओळखू येईल. जुन्या .303 रायफलीच्या बांध्यावर बारीक नळी बसवून शिकाऊ जवानांसाठी ज्या रायफली केल्या गेल्या, त्यांतलीच ती एक. बांधा लढाईचा, काडतूस मात्र सरावाचे. या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण पेटणारी दारू बुडाच्या मधोमध नसून कडेच्या गोल काठात असते. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच बोअरच्या रायफलीवर, आणि तेजस्विनी सावंत 2010 साली म्यूनिकला विश्वविजेती झाली तीही याच बोअरवर. पण अडीच ग्रॅम म्हणून कोणी गाफील राहू नये. ही गोळी किलोमीटरभराच्या पलीकडे जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते.

आता कायदा. मूळ शस्त्र अधिनियम 1959 सालचा. 1983 च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका ही मर्यादा आली. 2019 च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. सरकारच्या मूळ विधेयकात तर एकच होती, संसदेत चर्चा होऊन दोन झाली. 14 डिसेंबर 2019 पासून हा कायदा लागू झाला. तिसरी बंदूक असणाऱ्याने ती एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची होती. त्यानंतर 90 दिवसांत तिचा परवाना रद्द व्हायचा होता. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, ही एक सोय.

आमचे वडील म्हणाले, "पॉइंट टू-टू मोजत नाहीत रे. ती सरावाची आहे, तिला सूट आहे." गावातल्या दोघा-तिघा जाणत्यांनीही तेच सांगितले. कचेरीतून कागद आला तो तेलुगू आणि इंग्रजीत. वडिलांचे शिक्षण मराठी आणि उर्दूत झालेले. त्यांनी तो कागद पंचांगात घालून ठेवला. मग टाळेबंदी आली, महिने गेले, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये दिवाळीची आवराआवर करताना तो कागद माझ्या हाती लागला. मुदत संपायला महिनाही उरला नव्हता.

मी कलम 3 काढून वाचले. सूट आहे, हे खरे. पण ती बंदुकीला नाही, माणसाला आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा किंवा संघटनेचा जो सदस्य आहे, आणि जो पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल नेमबाजीच्या सरावासाठी वापरतो, त्याला ही मर्यादा लागू नाही. आमच्या घरात क्लबचा सदस्य कोणीच नाही. मी एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली ती सरकारची होती. म्हणजे कपाटातली आमची रायफल इतर कुठल्याही बंदुकीसारखी एक बंदूक म्हणूनच मोजली जाणार. जी गोष्ट सगळे "सूट आहे" म्हणून सांगत होते ती अर्धीच खरी होती, आणि अर्ध्या खऱ्यानेच आमचा घात झाला असता. परवाना नसलेले हत्यार घरात सापडल्यास आता दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती एक ते तीन वर्षे होती.

काही तरुण मला विचारतात, "काका, सैन्यासारखी दिसते म्हणून काही वेगळा नियम आहे का?" आपल्याकडे कायदा रूप पाहत नाही, चाल पाहतो. बोल्ट ओढून चालणारी साधी रिमफायर पॉइंट टू-टू सामान्य परवान्याच्या गटात येते. चाप ओढला की पुढचे काडतूस आपोआप भरणारी लांब बंदूक निर्बंधित गटात जाते. चाप धरून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात, असे हत्यार सामान्य माणसाला निषिद्धच. बाहेरच्या देशांतही हाच पेच आहे. इंग्लंडने 1988 साली आपोआप भरणाऱ्या रायफलींवर बंदी घातली तेव्हा पॉइंट टू-टू रिमफायर वगळली. न्यूझीलंडने ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर 2019 साली तेच केले, फक्त दहा काडतुसांची मर्यादा घातली. त्यांनी बोअर पाहून सूट दिली, आपण क्लबची सदस्यता पाहून दिली. कोणते बरोबर, यावर वाद होऊ शकतो. माझे मत विचाराल तर दुनळी, रिव्हॉल्व्हर आणि सरावाची पॉइंट टू-टू एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. पण न पटणे आणि न पाळणे यांत अंतर आहे, आणि आपण जुन्या घरांनी ते ओळखले पाहिजे.

ते का, हे आदिलाबादकरांना सांगायला नको. डिसेंबर 2020 मध्ये, म्हणजे ही मुदत संपली त्याच आठवड्यात, आपल्या शहरातल्या ताटीगुड्यात मुलांच्या क्रिकेटच्या भांडणातून गोळ्या सुटल्या. तिघे जखमी झाले, त्यांतला एक जण उपचार चालू असताना गेला. ते हत्यार चोरीचे नव्हते, परवान्याचे होते. 2022 साली न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. परवाना म्हणजे शहाणपणाचा दाखला नव्हे, हे त्या दिवशी सगळ्या शहराने पाहिले.

आमच्या घरी शेवटी काय झाले? तिघांतले कोणते द्यायचे यावर आठ दिवस कोणी धड बोलले नाही. दुनळी आजोबांची, ती जाणार नव्हती. रिव्हॉल्व्हर शेतावर राहणाऱ्या माणसाला आधार म्हणून हवे, असे वडिलांचे म्हणणे. राहिली ती रायफल. वडिलांनी तिला स्वतः तेल लावले, जुन्या धोतरात गुंडाळली, आणि आम्ही दोघे ठाण्यात गेलो. पावतीवर सही करताना त्यांचा हात थरथरला. बाहेर येऊन ते एवढेच म्हणाले, "याच्यावर मी तुझ्या आजोबांकडून नेम शिकलो." त्या दिवशी मुदतीचे चार दिवस शिल्लक होते.

आता कामाच्या तीन गोष्टी.

पहिली, वारसाहक्काची. वारसाने मिळालेली बंदूकही दोनच्या मर्यादेतच बसली पाहिजे. ज्याच्या नावे परवाना होता तो गेला की त्याच दिवसापासून घरात हत्यार ठेवण्याचा आधार संपतो. तेरावे होईपर्यंत थांबू नका, हत्यार ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाचा अर्ज करा. त्याहून बरे म्हणजे हयातीतच सोय करणे. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक 25 वर्षे त्याच्याकडे असली, तर 2016 च्या नियमांनुसार तो वारस नेमून त्याच्या नावे परवान्याची मागणी करू शकतो. बँकेत खात्याला नॉमिनी लावा म्हणून मी रोज सांगतो. हेही तसेच समजा.

दुसरी, नेमबाजीची. आपल्या मुलामुलींना खेळायचे असेल तर मान्यताप्राप्त क्लबात नाव घाला. खेळाडूंना फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने पुष्कळ मोकळीक दिली आहे, नामवंत नेमबाजाला तर बारापर्यंत हत्यारे ठेवता येतात. कायद्याचे दार त्या बाजूने उघडे आहे.

तिसरी, लग्नाची आणि दसऱ्याची. वरातीत, देवळासमोर, मिरवणुकीत हवेत बार काढणे हा आता गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूजा करा, बार काढू नका.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवतो. आमचा कागद पंचांगात राहिला तो वाचता न आल्यामुळे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आपण मराठीत निवेदन देऊ आणि जिल्हाधिकाऱ्यांना विनंती करू, की ज्या मंडलांत मराठी वस्ती मोठी आहे तिथे शस्त्रपरवान्याच्या सूचना मराठीतही लावाव्यात. आम्हाला कायद्यातून सवलत नको. तो आमच्या भाषेत कळवावा, मग पाळण्याची जबाबदारी आमची.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या पाटावर दोनच हत्यारे होती. तिसऱ्या जागी वडिलांनी ठाण्याची पावती ठेवली आणि तिलाही कुंकू लावले. आम्ही हसलो, पण मला ते योग्यच वाटले.